फुलपाखराआधीचे पान

बंगळुरूच्या दक्षिणेला सुमारे २२ किलोमीटरवर बन्नेरघट्टा जैविक उद्यान आहे. त्याच्या आवारात २००६ साली फुलपाखरांसाठी एक वेगळे उद्यान उघडले. ७.५ एकर जागा, तिच्यात १०,००० चौरस फुटांचे एक गोल घर, त्यावर पॉलिकार्बोनेटचे छत, आत दमट हवा आणि माणसाने बांधलेला धबधबा. पुढच्या घुमटांत फुलपाखरांचे संग्रहालय. कर्नाटकाचे प्राणिसंग्रहालय प्राधिकरण, बंगळुरूचे कृषी विद्यापीठ आणि ‘एट्री’ ही पर्यावरणाचा अभ्यास करणारी संस्था यांनी मिळून ते उभे केले, केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने मदत केली. देशातले या प्रकारचे पहिले उद्यान म्हणून ते ओळखले जाते.

वाघ-सिंहांची सफारी आटोपून माणसे इथे येतात ती बहुधा शेवटी, थोडी दमून. आत शिरताच सगळ्यांच्या माना वर जातात. मुले उडणाऱ्या रंगांमागे बोट धरतात, मोठी माणसे मोबाइल धरतात. मी या घरात बऱ्याच वेळा गेले आहे आणि आता माझी नजर वर जात नाही. ती पानांच्या खालच्या बाजूला जाते. कुरतडलेले पान दिसले की मला बरे वाटते, कारण या घराचा सगळा डोलारा त्या कुरतडलेल्या पानावर उभा आहे.

अशा घराला दोन इतिहास असतात. एक छताचा, दुसरा पानाचा. छताचा इतिहास युरोपातला आहे आणि तो पुष्कळदा सांगितला जातो. पानाच्या इतिहासाचा मोठा भाग मुंबई ते कारवार या आपल्या किनाऱ्यावर घडला. तो सांगायचा राहून जातो, म्हणून हे लेखन.

छताचा इतिहास आधी सांगते, कारण त्याची सुरुवात गमतीची आहे. १८२९च्या सुमारास लंडनमधल्या नथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड नावाच्या डॉक्टरने एका मोठ्या पतंगाचा कोश ओल्या मातीत ठेवून काचेची बाटली बंद केली. पतंग बाहेर पडताना त्याला पाहायचा होता. कोशावर लक्ष ठेवता ठेवता त्याच मातीतून नेच्याचा आणि गवताचा अंकुर आलेला त्याला दिसला. लंडनच्या धुराने त्याच्या बागेतले नेचे मरत होते आणि बंद बाटलीत ते वरून पाणी न घालता जगत होते. पतंग मागे पडला, नेचा पुढे आला. त्यातून काचेची बंद पेटी तयार झाली. तिच्यातून चीनमधली चहाची रोपे हिंदुस्थानात आली आणि सिंकोनाची, रबराची रोपे समुद्र ओलांडून गेली. मळेवाल्यांच्या साम्राज्याला उपयोगी पडलेली ही पेटी मुळात एका कीटकाची वाट पाहताना सुचली होती.

पुढे १८४५ साली ब्रिटनमध्ये काचेवरचा कर उठला. १८५१ साली लंडनमध्ये क्रिस्टल पॅलेस उभा राहिला आणि काचघर ही त्या काळाची लाडकी इमारत झाली. ती बंगळुरूलाही आली. लालबागेतल्या काचघराचा पाया ३० नोव्हेंबर १८८९ रोजी राजपुत्र अल्बर्ट व्हिक्टर याच्या हस्ते घातला गेला. त्याचे ओतीव लोखंड ग्लासगोचे. हैदर अलीने १७६० साली सुरू केलेल्या या बागेत थंडीपासून झाडे वाचवायची गरज कधीच नव्हती. विलायतेत ऊब कोंडून ठेवण्यासाठी केलेली वस्तू इथे फुलांच्या प्रदर्शनाचा मांडव झाली. अजूनही आहे.

जिवंत कीटक लोकांना दाखवण्याची सोय लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने १८८१ साली केली. पण तिथे कीटक पेटीत आणि माणूस बाहेर अशी मांडणी होती. माणसानेच आत शिरावे आणि फुलपाखरांनी त्याच्याभोवती मोकळे उडावे ही कल्पना पुढच्या शतकातली. १९७०च्या दशकात इंग्लिश खाडीतल्या ग्वेर्न्सी बेटावर, शेतमालासाठी बांधलेल्या काचघरांना हे नवे काम मिळाले. १९८१ साली क्लाइव्ह फॅरेल यांनी लंडनच्या सायन पार्कमध्ये असे घर उघडले आणि मग ते जगभर पसरत गेले.

थंड देशांतल्या या घरांची एक अडचण होती. उष्ण प्रदेशातल्या फुलपाखरांच्या अळ्या ज्या झाडांवर वाढतात ती झाडे तिथे पुरेशी वाढवणे फार कठीण आणि खर्चाचे. त्यावर उपाय निघाला तो असा, की अळीचे आयुष्य दुसऱ्याच देशात जावे आणि कोश तेवढे विमानाने यावेत. कोस्टा रिका, मलेशिया, फिलिपिन्स, केनिया अशा देशांतून कापसात गुंडाळलेले कोश आजही येतात. केनियात अराबुको-सोकोके जंगलाच्या कडेला १९९३ साली ‘किपेपेओ’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. स्वाहिलीत किपेपेओ म्हणजे फुलपाखरू. जंगलालगतचे शेतकरी अळ्या पाळतात, कोश विकतात, आणि जंगल टिकले तरच हे उत्पन्न टिकते. युरोपातल्या प्रेक्षकासमोर मात्र फक्त पंख येतात. पान आणि अळी समुद्रापलीकडे राहतात.

बन्नेरघट्ट्याचे तसे नाही. इथे उडतात त्या जाती दक्षिण भारतातल्याच, आणि त्यांची पैदास इथेच करायची असते. म्हणजे आधी पान हवे. फुलाने भागत नाही. मध कुठल्याही फुलातला चालतो, पण अळी हट्टी असते. तिला तिचे ठरलेले पान मिळाले नाही तर ती दुसरे खाण्यापेक्षा मरते. म्हणून अंड्यांवर आलेली मादी पानावर उतरून पुढच्या पायांनी ते थोपटते आणि त्या पायांनीच पानाची चव घेते. पटली तर अंडे, नाहीतर पुढचे झाड.

ही पानांची यादी ऐकताना मराठी माणसाला परके वाटणार नाही. कॉमन मॉर्मन या काळ्या फुलपाखराला कढीपत्ता आणि लिंबू. त्याच्या लहान अळ्या पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात म्हणून वाचतात. प्लेन टायगरला रुई. ब्लू टायगरला हरणदोडीची वेल. कॉमन क्रोला कण्हेर, वड, उंबर; त्याचा कोश सोन्याचा मुलामा दिल्यासारखा चमकतो, आणि कण्हेरीला तो लोंबताना पाहिला की कोणीतरी विसरून गेलेला दागिना वाटतो. कॉमन एमिग्रंटला बहावा. रेड पिअरोला पानफुटी. तिची अळी त्या जाड पानाच्या पोटातच राहते. कॉमन जेझेबेलला बांडगूळ. भारतातल्या सर्वांत मोठ्या फुलपाखरांपैकी एक असलेल्या सदर्न बर्डविंगला सापसंद, म्हणजेच ईश्वरी. शिवाय ब्लू टायगरच्या नराला खुळखुळ्याची वाळकी काडी लागते. तिच्यातला कडू अंश शोषल्याशिवाय त्याला मादीला भुलवणारा गंध तयार करता येत नाही.

बेळगावला आत्याच्या परसात कढीपत्त्याचे झाड होते. तिच्या दृष्टीने त्यावरची अळी म्हणजे कीड. सकाळी पाने खुडताना ती अळ्याही खुडून टाकी. दुपारी त्याच परसात काळे फुलपाखरू आले की “बघ गं, किती छान” म्हणून मला हाक मारी. या दोन गोष्टी एकाच जिवाच्या आहेत हे तिला कोणी सांगितले नव्हते. मलाही बरेच उशिरा कळले. ते मुळात कोणी आणि कसे शोधून काढले हा प्रश्न मला बन्नेरघट्ट्याच्या त्या घरात पडू लागला.

उत्तर शोधत गेले तर मुंबईपाशी पोचले. १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, काही गृहस्थ जमले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना झाली. त्यांतले दोघे आपले होते. एक प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी डॉ. आत्माराम पांडुरंग. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, मुंबईच्या औषधी वनस्पतींची सूची करणारे, रखमाबाईंचे सावत्र वडील. इंग्रजांमध्ये एडवर्ड हॅमिल्टन एटकेन होता. हा जन्माने सातारकर. मिशनरी बापाच्या घरी १८५१ साली साताऱ्यात जन्मला, मुंबई-पुण्यात शिकला, डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवत होता आणि १८७६ पासून जकात व मीठ खात्यात नोकरीला लागला. खाराघोडा, उरण, उत्तर कानडा आणि गोव्याची सरहद्द, रत्नागिरी अशा त्याच्या बदल्या होत गेल्या.

उत्तर कानडा जिल्हा १८६२ पासून मुंबई इलाख्यात होता; १९५६ साली तो म्हैसूर राज्यात गेला. कारवार हे त्याचे ठाणे. समुद्र, खाडी, मागे लगेच घाट, आणि बाजारात कोंकणी, कानडी, मराठी एकमेकींत मिसळलेल्या. इथे एटकेनला दोन जोडीदार मिळाले. जेम्स डेव्हिडसन हा जिल्ह्याचा कलेक्टर, आणि टी. आर. बेल हा जंगलखात्याचा अधिकारी. तिघांचा छंद एकच. पण फुलपाखरू जाळ्यात धरून टाचणीला टोचणे एवढ्यावर ते थांबले नाहीत. ते अळी शोधत, ती कोणत्या झाडावर सापडली ते लिहीत, तीच पाने घालून तिला घरी वाढवत, कात किती वेळा टाकली, कोश कसा केला, त्यातून काय निघाले हे टिपून ठेवत. १८९० साली डेव्हिडसन आणि एटकेन यांनी मुंबई इलाख्यातल्या फुलपाखरांच्या अळ्या आणि कोशांवर टिपणे छापली. १८९६ पासून तिघांच्या नावाने उत्तर कानडा जिल्ह्याच्या फुलपाखरांवरची लेखमाला सोसायटीच्या जर्नलमध्ये आली. बेलने ते काम एकट्याने पुढे नेले. १९०९ ते १९२७ एवढी वर्षे त्याची मैदानी प्रदेशातल्या फुलपाखरांवरची माला चालली. १९२० साली निवृत्त झाल्यावर तो विलायतेला गेला नाही. कारवारातच राहिला आणि १९४८ साली तिथेच वारला.

तेव्हा जगातल्या संग्रहालयांत उष्ण प्रदेशातली फुलपाखरे हजारोंनी होती, पण ती पंख पसरून मेलेली. ती कशावर जगतात हे फार थोड्यांना ठाऊक होते. टाचणीला टोचलेले फुलपाखरू ओळखायला रंग पुरतो. जिवंत ठेवायला पान माहीत असावे लागते. आज कुणी दक्षिण भारतात फुलपाखरांची बाग लावायला घेतली, तर तिच्या झाडांची यादी कुठल्या ना कुठल्या वाटेने कारवारच्या त्या टिपणांशी जाऊन भिडते.

आता या गोष्टीतली खुपणारी बाजू. लेखमालेवर नावे तीन आहेत. कलेक्टर, जंगल अधिकारी आणि मीठ खात्याचा अंमलदार दौऱ्यावर एकटे जात नसत. बरोबर पट्टेवाले असत, वाट दाखवणारे असत, रानात गुरे नेणारी, मध आणि औषधी मुळ्या काढणारी माणसे भेटत. हरणदोडी कुठल्या बांधावर आहे, सापसंद कुठल्या जाळीत चढली आहे, हे परक्या माणसाला दाखवणारे हात कोणाचे असतील हे सांगायला पुरावा लागू नये. एटकेनने आपल्या धोब्यावर, माळ्यावर, हमालावर, भिश्तीवर, आयेवर एक आख्खे विनोदी पुस्तक लिहिले; १८८९ साली ते निघाले आणि खूप वाचले गेले. नोकर म्हणून ही माणसे त्याच्या लेखणीत भरपूर आली. पानांची माहिती असणारी माणसे म्हणून त्यांचे श्रेय लेखकांच्या ओळीत आले नाही.

‘काळच तसा होता’ म्हणून हे सोडून देता येत नाही, कारण त्याच्याही दोनशे वर्षे आधी वेगळे घडले होते. कोचीनचा डच गव्हर्नर व्हान ऱ्हेडे याने मलबारच्या वनस्पतींवर ‘होर्तुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. १६७८ साली निघालेल्या पहिल्या खंडात इट्टी अच्युदन या मल्याळी वैद्याचे निवेदन आहे, आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तीन कोंकणी ब्राह्मणांचे प्रमाणपत्र आहे. हे प्रमाणपत्र नागरी लिपीत छापलेले आहे. ज्यांनी सांगितले त्यांची नावे, त्यांच्या लिपीत, ॲमस्टरडॅमला छापलेल्या लॅटिन ग्रंथात. व्हान ऱ्हेडे काही संत नव्हता. तोही व्यापारी सत्तेचा अधिकारी होता. पण आपल्याला हे कोणी सांगितले ते लिहायचे असते, एवढे त्याला कळत होते.

अळी आणि तिचे झाड एकाच चित्रात काढणारी मारिया सिबिला मेरियन ही जर्मन चित्रकार त्याच काळातली. १६९९ साली ती मुलीला घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाममध्ये गेली, आणि १७०५ साली तिचा ग्रंथ निघाला. त्यात आपल्या दारचा शंखासुर आहे. त्याच्या झुबक्यांवर मोठी फुलपाखरे येतात, आणि परागकण त्यांच्या पंखांना लागून पुढच्या फुलावर जातात. मेरियनने मात्र शेजारी आणखी एक गोष्ट लिहून ठेवली. मळ्यांवर गुलामीत राबणाऱ्या स्त्रिया या झाडाच्या बिया खाऊन गर्भ पाडत, कारण आपले मूल गुलाम म्हणून जन्मू नये असे त्यांना वाटे. आणि हे त्या स्त्रियांनीच तिला सांगितले होते. त्यांची नावे नाहीत, पण त्यांचे बोलणे आहे. ते वाचल्यापासून शंखासुराकडे नुसते शोभेचे झाड म्हणून पाहणे मला जमत नाही.

भाषेतही हा हिशेब दिसतो. वर दिलेली यादी पुन्हा पाहा. झाडांना रुई, बहावा, पानफुटी, हरणदोडी अशी नेमकी नावे आहेत, कारण औषधाला, चाऱ्याला, पूजेला, भाजीला ती लागत होती. फुलपाखरांची नावे मात्र इंग्रजीतली. मराठीत फुलपाखरू आणि पाकोळी, गोव्याच्या कोंकणीत पिसोळें, कन्नडमध्ये चिट्टे आणि पातरगित्ती. जात वेगळी करणारी नावे विरळच. कारवारची लेखमाला सुरू झाली त्याच १८९६ साली शेजारच्या धारवाडात द. रा. बेंद्रे जन्मले. घरात मराठी बोलणाऱ्या या कवीने कन्नडला जी गाणी दिली त्यांत पातरगित्तीचे गाणे आहे, आणि कर्नाटकातल्या कित्येक मुलांची फुलपाखराशी पहिली ओळख त्या गाण्यातून होते. जातवार नामकरण मात्र आत्ता कुठे होते आहे. महाराष्ट्राने २०१५ साली ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखरू केले. त्याला आधी राणी पाकोळी, मग नीलवंत हे नाव मिळाले. त्याचेही पान लिंबाच्या कुळातले. पाठोपाठ कर्नाटकाने आपले राज्य फुलपाखरू म्हणून काळ्या-पिवळ्या-तांबड्या बर्डविंगला निवडले. नाव आले की माणूस थांबून पाहतो. पण सापसंद उपटली गेली तर नुसत्या नावाने बर्डविंग जगणार नाही.

हे काम आता बंगळुरूतच पुढे चालले आहे. पुण्यात वाढलेले कृष्णमेघ कुंटे इथल्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात फुलपाखरांवर संशोधन करतात. दक्षिण भारतातल्या फुलपाखरांवरचे त्यांचे पुस्तक २००० साली आले. कॉमन मॉर्मनच्या काही माद्या विषारी रोझ फुलपाखरांचे सोंग घेतात. हे सोंग एकाच जनुकाच्या ताब्यात आहे हे दाखवणारा शोधनिबंध कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केला. २०१८ साली पश्चिम घाटातल्या तीनशेहून अधिक जातींच्या अळ्यांची खाद्यझाडे एका यादीत आली. तिच्यावर सहा जणांची नावे आहेत. आता देशभरातले हौशी निरीक्षक छायाचित्रे पाठवतात आणि प्रत्येक नोंदीखाली ती कोणी केली ते लिहिलेले असते. कारवारला जे राहून गेले ते इथे उशिरा का होईना भरून निघते आहे.

तरी एक नाव अजून पाटीवर सहसा येत नाही. रोज सकाळी कोवळी पाने कापून आणणारा, पेट्या पुसणारा, बुरशी आलेला कोश वेळीच बाजूला काढणारा माणूस. अळीला सुट्टी नसते, त्यामुळे त्यालाही नसते. पाने कमी पडली तर काही आठवड्यांत वरचे आकाश रिकामे होते, आणि मान वर केलेल्या प्रेक्षकाला ते का झाले हे कळतही नाही.

पावसाळ्याच्या तोंडाशी ब्लू टायगर आणि कॉमन क्रो यांचे थवे पश्चिम घाटातून पूर्वेकडे निघतात आणि पावसानंतर परततात. बंगळुरूच्या रस्त्यांवरून, उड्डाणपुलांवरून ते जाताना दिसतात. घुमटात जन्मलेल्या ब्लू टायगरला हा प्रवास नाही. त्याला छत आहे. बाहेरच्याला प्रवास आहे, पण उतरायला बांधावरची हरणदोडी आणि मोकळ्या प्लॉटमधला खुळखुळा हवा. माझ्या घरामागच्या प्लॉटमध्ये तीन वर्षे रुई वाढली होती. पायाखोदाईच्या आदल्या आठवड्यात मी मोजल्या तेव्हा तिच्यावर प्लेन टायगरच्या अकरा अळ्या होत्या. शेजारच्या मुलीला दाखवल्या. तिने विचारले, “ही झाडं तोडली की या कुठे जातील?” शेजारच्या रस्त्याकडेला रुईचे एक झुडूप होते. आम्ही दोघींनी अळ्या पानांसकट तिथे नेऊन ठेवल्या. त्या झुडपाला तिने आपले नाव दिले आहे.